चवीचा रकाना

मास्तर कामाचं पाणी चाखल्याशिवाय वापरत नसत. प्यायला त्यांना कुठलंही चालायचं, नवघर नाक्यावरच्या हॉटेलातला तेलकट पेला ते एका दमात रिकामा करत. पण शेडमध्ये डिस्टिल्ड वॉटरचा नवा कॅन उघडला की आधी करंगळी बुडवायची, ती जिभेच्या टोकाला लावायची, आणि डोळे मिटून क्षणभर गप्प उभं राहायचं. मग म्हणायचे, "गोड." ते ऐकलं की मी रजिस्टरातल्या चवीच्या रकान्यात 'गोड' लिहीत असे आणि ते सही करत. बॅटरीच्या दुकानातून आलेलं पाणी हा माणूस तीर्थासारखं घेतो म्हणून आम्ही सगळे त्यांची टिंगल करायचो. मी जरा जास्तच करायचे. आता ती टिंगल आठवली की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नव्वद सालच्या आगेमागची ही गोष्ट. भाईंदर पूर्वेला नवघरच्या मागे गाळ्यांची एक रांग होती. एका गाळ्यात दिवसभर स्टीलचे चमचे पॉलिश व्हायचे, दुसऱ्यात प्लास्टिकच्या बादल्या निघायच्या, आणि या दोघांच्या मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही विमानांची उपकरणं तपासायचो. हे सांगितलं की लोक हसायचे. मीही पहिल्या दिवशी हसले होते. लग्नानंतर गिरगावातल्या एका खोलीतून आम्ही इथल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आलो होतो, हाताशी फिजिक्सची बी.एस्सी. होती, मुलगी लहान होती आणि नोकरी घराजवळच हवी होती. मास्तरांनी मला एकच प्रश्न विचारला. "आकडा चुकला तर काय करशील?"

"खोडून बरोबर लिहीन," मी म्हटलं.

"खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, पट्टी धरून. शेजारी नवीन लिहायचं आणि सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे." एवढीच माझी मुलाखत झाली. त्या शेडमध्ये पुढे मी कधी खोडरबर पाहिला नाही.

गाळ्यांमधले सगळे त्यांना झीरो मास्तर म्हणत. उपकरण कुठलंही असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी शून्य सापडू दे." हे वाक्य ते शेडबाहेरही घेऊन फिरत. भाजीवाल्याला म्हणत, "भैया, पहले खाली काटा दिखाओ." तो तराजू रिकामा करून दाखवेपर्यंत मागे रांग लागायची आणि त्यांची बायको पदर डोक्यावर ओढून दुसऱ्या हातगाडीकडे निघून जायची. शेवटी तिनं त्यांना बाजारात नेणंच सोडलं. काचेमागे काटा असलेलं काहीही दिसलं की वाचण्याआधी ते त्यावर नखानं हलकी टिचकी मारत. अडकलेला काटा तेवढ्यानं सुटतो. आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा टिचकी मारली होती. माझा नवरा महिनाभर हसत होता.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हवामान संशोधनाच्या विमानाचे थर्मामीटर आमच्याकडे तपासायला येत. बोटभर लांबीच्या धातूच्या नळ्या, आत प्लॅटिनमची केसासारखी तार. त्या विमानाच्या नाकाशी बसत. ते विमान पावसाळाभर समुद्रावर अगदी खालून उडायचं. समुद्राचं पाणी आणि त्यावरची हवा यांच्यात फरक असतो जेमतेम अंशभराचा, आणि समुद्र ढगांना किती ऊब देतो हे तेवढ्याशा फरकावरून काढायचं असतं. त्यामुळे इथे दशांशाला किंमत होती. मास्तर म्हणायचे, "डॉक्टरनं थर्मामीटर झटकला नाही तर एका माणसाचा ताप चुकतो. आपण चुकलो तर अख्ख्या समुद्राचा."

एकदा रविवारी त्यांनी शेडमध्ये काम करणाऱ्या आम्हा तिघांना उत्तनच्या किनाऱ्यावर नेलं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांपाशी आम्हाला दोन तास उभं केलं आणि कशासाठी ते सांगेनात. मग समुद्रावरून ते विमान गेलं, इतकं खालून की होड्यांतली माणसं वर बघायला लागली. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. बोंबील उलटवणारी एक बाई त्यांच्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "ते इमान तुमचं हाय काय?"

"इमान न्हाय," मास्तर तिच्याच बोलीत म्हणाले, "नाक तेवढं माझं हाय." त्या दिवसाइतके खूश मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

आता शून्य कसं शोधत ते सांगायला हवं, कारण सगळा घात तिथेच झाला. शुद्ध पाण्याचा बर्फ करायचा, तो कुटून थर्मासच्या मोठ्या भांड्यात भरायचा, फटींमध्ये तेच शुद्ध पाणी ओतायचं. वितळणारा शुद्ध बर्फ बरोबर शून्य अंशावर असतो, मग ते भाईंदर असो की हिमालय. त्यात आधी आमचा मोठा काचेचा थर्मामीटर बुडवायचा. त्याला आम्ही आजोबा म्हणत असू. आजोबा शून्य दाखवतात का ते बघायचं, आणि वयामुळे थोडे सरकले असतील तर तेवढी दुरुस्ती धरून पुढे विमानाचे सगळे थर्मामीटर आजोबांशी जुळवायचे. पण पाण्यात मीठ असेल तर बर्फ शून्याच्या खाली उतरतो, आणि खाली उतरला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती करंगळी, म्हणून तो चवीचा रकाना.

आणि भाईंदरात तेव्हा मिठाशिवाय दुसरं होतं काय? एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाडी. बिल्डिंगा भराभर उभ्या राहत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. आम्ही टँकरवर जगत होतो, आणि टँकर आला नाही की बोरिंगच्या मचूळ पाण्यावर. त्या उन्हाळ्यात तर आमच्या बिल्डिंगीत तीन आठवडे भात, आमटी, चहा सगळं बोरिंगच्या पाण्यात चाललं होतं. सुरुवातीला मुलगी पेला ढकलून द्यायची. मग तीही मुकाट्यानं प्यायला लागली.

मास्तर देवधर्मातले नव्हते. पण वर्षातून एक उपवास करत, ज्येष्ठातल्या एकादशीचा, आणि तोही निर्जळी. लहानपणी ते टायफॉइडनं जायचेच बाकी होते, तेव्हा त्यांच्या आईनं तो धरला होता. मरताना ती म्हणाली होती, "आता तू कर." त्या दिवशी पाण्याचा थेंब ते जिभेला लावत नसत. थुंकीसुद्धा गिळायची की नाही असा विचार करतोय असं तोंड करून दिवसभर फिरत.

त्या वर्षी विमानाचं काम नेमकं एकादशीला आलं. विमान दोन दिवसांनी उडणार होतं आणि संध्याकाळी थर्मामीटर न्यायला माणूस येणार होता. सकाळी नऊला नवा कॅन उघडला. काचेच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. मास्तरांनी करंगळी पुढे केली, मग मागे घेतली.

"आज तू चाख, सुनंदा."

मी हसत हसत करंगळी बुडवली आणि त्यांची नक्कल करत डोळे मिटले. "गोड," मी म्हटलं.

"नक्की?"

"अहो मास्तर, अगदी गोड." मी रकान्यात 'गोड' लिहिलं आणि पुढे माझ्या नावाचा 'सु.' घातला. इतक्या वर्षांत त्या रकान्यात दुसऱ्या कुणाची सही पहिल्यांदाच पडत होती. मला त्याचा अभिमान वाटला होता.

मी खोटं बोलले नव्हते. मला ते पाणी खरंच गोड लागलं. तीन आठवडे मचूळ पाणी पिऊन माझी जीभ मेली होती, आणि जीभ मेलेल्या माणसाला ते कळत नाही.

दुपारी बर्फ झाला, भांडं भरलं, आजोबा आत उतरले. त्यांनी शून्याच्या खाली दोन दशांश दाखवले. मास्तरांनी तीनदा बघितलं, भिंगातून बघितलं. मग म्हणाले, "काच म्हातारी झाली. दोन दशांश सरकली." आणि ती दुरुस्ती धरून त्यांनी संध्याकाळपर्यंत एकेक थर्मामीटर जुळवला, पाण्याविना, कोरड्या ओठांनी. त्यांच्या जागी एखादा आळशी माणूस असता, त्यानं आजोबांना तपासलंच नसतं, तर विमान बरोबर आकडे घेऊन उडालं असतं. मास्तरांच्या काटेकोरपणानंच ती चूक प्रत्येक नळीत नेऊन बसवली.

त्या संध्याकाळी मी आणखी एक गोष्ट केली. उरलेल्या पाण्यातून सरबताची एक रिकामी बाटली भरून घरी नेली. नवऱ्याच्या स्कूटरच्या बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटर हवं होतं आणि शेडमधले सगळेच असं नेत. जुलैत ती बॅटरी बसली. नवरा दुकानदाराला शिव्या देत राहिला. अर्धी बाटली माळ्यावर पडून होती.

ऑगस्टात एका बुधवारी मास्तर दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी शून्य शोधत होते. नवा कॅन, नवा बर्फ, चव त्यांनी स्वतः घेतलेली. आजोबा आत उतरले आणि बरोबर शून्यावर थांबले. मास्तरांनी टिचकी मारली. काचेच्या थर्मामीटरला टिचकीचा काही उपयोग नसतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, तरी मारली. मग स्टुलावर बसले.

"सरकलेली काच परत येत नाही, सुनंदा," ते म्हणाले. "म्हणजे तेव्हा काच सरकलीच नव्हती. पाणी खारं होतं."

मी रजिस्टर उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती. माझं 'गोड' मला न बघता दिसत होतं.

"विमान अडीच महिने उडतंय," ते म्हणाले.

शेडचे मालक शेटजी, त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी समजूत घातली. "मास्तर, दो दशांश के लिए कौन रोता है? आपण गप्प बसायचं." मास्तरांनी शेडच्या फोनवरून त्यांच्यासमोरच हवामानवाल्या साहेबांना फोन लावला, तेव्हा शेटजींचा आवाज चढला. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे काम गेलं तर ज्यानं पाण्याची चव घेतली त्याला ते एक दिवस ठेवणार नाहीत. माझ्या नवऱ्याच्या कंपनीला जानेवारीपासून टाळं होतं. मी कपाटाच्या आड उभी राहून फायली लावत राहिले. त्या दिवसापासून मास्तर रजिस्टर माझ्या टेबलावरून उचलून स्वतःच्या पिशवीत ठेवायला लागले.

गुरुवारी साहेब स्वतः आले, विमानावरचे थर्मामीटर काढून घेऊन. मास्तरांनी त्यांच्यादेखत पुन्हा तपासणी केली. प्रत्येक नळी दोन दशांश जास्त दाखवत होती. साहेब बोलायला शांत होते आणि त्यामुळे जास्त भीती वाटत होती. ते म्हणाले, "मास्तर, चूक आहे हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, ते मी विसरणार नाही. पण ही चूक पहिल्या दिवसापासून होती, की उडताना मध्येच कधी आली? पहिल्या दिवसापासून असेल तर सगळ्या आकड्यांतून दोन दशांश वजा करू, सीझन वाचेल. मध्येच आली असेल तर कुठल्या तारखेपासून वजा करायचं? मग अख्खा सीझन बाजूला टाकावा लागेल."

"पहिल्या दिवसापासूनच, साहेब. पाणी खारं होतं."

"मला पटतंय. पण वर कागदावर काय दाखवू? ते पाणी आहे का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"शोधा. थोडं जरी मिळालं तरी तपासून मला कळवा. सोमवारी तीन वाजता रिपोर्ट पुढे जातोय." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी चव कोणी घेतली होती?"

"रजिस्टरात लिहिलंय," मास्तर म्हणाले आणि पिशवीतून रजिस्टर काढून त्यांच्या पुढ्यात उघडं ठेवलं.

साहेबांनी वाचलं. मग एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या पानाची झेरॉक्स घेऊन निघून गेले. मला वाटलं, माणूस भला दिसतोय, पोराबाळांची बाई म्हणून सोडून दिलं.

मला बाटली आठवली नव्हती असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आठवली होती. साहेब 'ते पाणी आहे का' म्हणाले त्याच क्षणी माळा, बाटली, बसलेली बॅटरी, सगळं डोळ्यांपुढे आलं. बाटली आणली की विचारलं जाणार होतं, ही तुझ्या घरी कशी? आणि मग ते 'गोड' वर येणार होतं. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसले.

शुक्रवारी मास्तर बॅटरीवाल्याकडे गेले. तो हात वर करून मोकळा झाला. "हम तो पीछे से जैसा आता है वैसा देते हैं." जुने कॅन भंगारवाल्याकडे गेले होते, आणि भंगारवाल्याकडून शेजारच्या खारी गावात, घराघरांत पाणी भरायला. एखाद्याच्या तळाशी घोटभर तरी राहिलं असेल, एखाद्यानं पाणी न बदलता तसाच ठेवला असेल, अशी त्यांना आशा होती. शनिवारी ते मला म्हणाले, "चल, दोन जिभा असलेल्या बऱ्या."

मी गेले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरी माळ्यावर ती बाटली असताना मी त्या म्हाताऱ्या माणसाबरोबर खारीत दारोदार फिरले. ते प्रत्येक दारात हात जोडत, निळा कॅन दिसला की विचारत, करंगळी बुडवत आणि जिभेला लावत. पोरं मागे लागली होती. एका आजीनं ओसरीवरून हाक मारली, "काय शोधताव वो बाबा? पानी खारंच हाय आमचं. गोड न्हाय भेटत इथं."

"मला खारंच पायजे, आजी," मास्तर म्हणाले.

त्यांनी सतरा कॅन चाखले. सतराच्या सतरा खारे निघाले, कारण गावच्या विहिरीलाच खाडीचं पाणी लागलं होतं. मग ते त्या आजीच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सगळंच खारं आहे, सुनंदा. यातलं आपलं कुठलं?" ते म्हणाले. आजीनं त्यांना गूळ आणून दिला. तो हातातच राहिला.

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा, आणि म्हटलं, "मास्तर, ऊन वाढतंय, निघू या."

रविवारी मी बाटली माळ्यावरून खाली काढली. नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? आत्ता फक्त तुझाच पगार येतोय घरात." मी ती परत वर ठेवली. दुपारी पुन्हा काढली. सोमवारी सकाळी पिशवीत घालून शेडमध्ये नेली आणि टेबलाखाली पायाशी ठेवली. मास्तर अजून भंगारवाल्याच्या वखारीत रिकामे कॅन उपडे करून बघत होते. बारा वाजले, एक वाजला. ते परत आले, पँटला गंज लागलेला. दोन वाजता ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, परत गेले. बाटली माझ्या पायाला लागत होती. मी म्हणत होते, आता सांगते, हे पान पुरं झालं की सांगते.

तीन वाजून गेल्यावर फोन वाजला. मास्तर म्हणाले, "हो साहेब. नाही मिळालं. बरं साहेब." आणि फोन ठेवून तिथेच भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी त्यांना कधी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी उठले आणि बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

ते बाटलीकडे बघत राहिले. त्यांनी मला काही विचारलं नाही. झाकण उघडलं, करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. "खारं," ते म्हणाले.

त्यांनी ते पाणी ट्रेमध्ये ओतलं, डीप फ्रीजरमध्ये ठेवलं आणि बर्फ होईपर्यंत मला घरी जा असंही म्हटलं नाही. संध्याकाळ झाली. त्यांनी स्वतः बर्फ कुटला, छोट्या भांड्यात भरला, आजोबांना उतरवलं आणि भिंग मला दिलं. "वाच."

"शून्याच्या खाली," मी म्हटलं. "दोन दशांश."

"दोन दशांश," ते म्हणाले, आणि अशा सगळ्यातही त्यांचं तोंड उजळलं. शून्य सापडलं होतं. त्यांनी धावत जाऊन साहेबांच्या घरचा नंबर फिरवला. मी पलीकडचं ऐकू शकत नव्हते, पण मास्तरांचा चेहरा उतरत गेला. रिपोर्ट गेला होता. सीझनचे सगळे आकडे बाजूला टाकले होते, आणि आता मागाहून आलेलं पाणी कोणी धरणार नव्हतं. मग बहुतेक पलीकडून विचारलं गेलं, की हे पाणी आजवर होतं कुठे.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "अडगळीत होतं, साहेब," ते म्हणाले. "आत्ताच हाती लागलं."

अडीच महिने माणसं जीव मुठीत धरून समुद्रावर पन्नास-शंभर हातांवरून उडत होती, आणि ते सगळं माझ्या टेबलाखाली वाया गेलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. महिनाअखेरीस मास्तरांना घरी बसवलं. का, ते ते सांगेनात. म्हणाले, "वय झालं." मी समजले, मुख्य म्हणून त्यांच्यावर आलं. माझी नोकरी राहिली.

शेवटच्या दिवशी त्यांनी आजोबांची पेटी पुसून ठेवली. केबिनमधल्या दाबमापकाला एक टिचकी मारली. मग पिशवीतून ते रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. "शेटजी रद्दीत घालतील. तुझ्याकडे असू दे."

मी त्यांच्या पाया पडले. काही बोलणार तोच ते म्हणाले, "घरी पाणी येतं का गं आता?"

"टँकर येतो, मास्तर. एक दिवसाआड."

"मुलीला ते बोरिंगचं देऊ नकोस. जीभ बिघडते." आणि गेले. त्यांना कळलं होतं. चूक कशी झाली हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, आणि त्यांनी ते असं सांगितलं.

ते मुलाकडे नाशिकला राहायला गेले. मी दोन पत्रं लिहिली, दोन्हींत हवापाण्याचं लिहिलं. रजिस्टर मी कापडात गुंडाळून त्याच माळ्यावर ठेवलं. उघडायची हिंमत नव्हती. ते 'गोड' माझ्या अक्षरातलं, मला ते बघायचं नव्हतं. सहा-सात वर्षांनी, इथे नळाला पाणी यायला लागलं होतं तेव्हा, त्यांच्या बायकोचं पोस्टकार्ड आलं. मास्तर गेले. जाण्याआधी तीन-चार दिवस तोंडात काही ठरत नव्हतं, पण चमच्यानं पाणी घालताना आधी जिभेवर थांबवायचे, असं तिनं लिहिलं होतं.

त्या दिवशी मी रजिस्टर खाली काढलं आणि ज्येष्ठातल्या त्या एकादशीचं पान उघडलं.

माझ्या 'गोड सु.' वर एक रेघ होती. शेजारी मास्तरांच्या अक्षरात होतं, 'गोड. चव मी स्वतः घेतली.' खाली पूर्ण सही. साहेबांनी हेच वाचून माझ्याकडे पाहिलं होतं. ज्यांनी आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही त्यांनी हे लिहिलं होतं. ज्या दिवशी आईच्या शब्दासाठी जिभेला पाण्याचा थेंब लावला नाही, नेमक्या त्या दिवशी पाणी चाखलं म्हणून लिहून दिलं होतं. आणि हे लिहिलं तेव्हा मी बाटली माळ्यावर ठेवून गप्प बसले होते.

मी ते पान अजून अधूनमधून उघडते. रेघ एकच आहे, पट्टी धरून मारलेली. खालचं वाचता येतं.